गंगापूर ते नांदूरमध्यमेश्वर : गाळाचा हिशेब

पावसाळ्यात नाशिककरांना दोन आकडे तोंडपाठ असतात. गंगापूर धरण किती टक्के भरले आणि विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) सुरू आहे. चहाच्या टपरीवर, रिक्षात, सराफ बाजारातल्या दुकानात, सगळीकडे हेच. ऑक्टोबर उजाडला की तिसरा आकडा येतो : खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात ६५ टक्के साठा झाला की नाही, आणि नसेल तर वरच्या धरणांतून किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचे. पाण्याचा हिशेब इतका चोख ठेवणाऱ्या या जिल्ह्यात पाण्याबरोबर आलेल्या मातीचा हिशेब मात्र कुणी विचारत नाही. गोदावरीचे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे काही झाले, त्यातला निम्मा भाग त्या मातीने घडवलेला आहे असे माझे मत आहे. म्हणून या प्रकरणात पाणी दुय्यम ठेवून गाळाच्या मागे जायचे ठरवले आहे.

अभ्यासाचा पट्टा छोटा आहे. वर गंगापूर धरण, मध्ये नाशिक शहर आणि रामकुंड, खाली दारणा येऊन मिळते तो सायखेडा-चांदोरीचा भाग, आणि शेवटी गोदा-कादवा संगमावरचा नांदूरमध्यमेश्वर बंधारा. १४६५ किलोमीटरच्या नदीचा हा अगदी सुरुवातीचा तुकडा. पण नदीशी जे जे करता येते ते बहुतेक सगळे या तुकड्यात करून झालेले आहे.

नदीची मूळ प्रकृती

ब्रह्मगिरीच्या कड्यावरून निघालेली गोदावरी नाशिकपर्यंत येते ती बेसॉल्टच्या काळ्या कातळावरून. सोमेश्वरचा धबधबा पाहिला की हे लगेच पटते. तिथे पात्रात माती नाहीच, नुसते खडक आणि त्यांना पाण्याने पाडलेले रांजण. अशी नदी तळ सहजासहजी खोल करत नाही. कातळ झिजायला हजारो वर्षे लागतात. तिला जो फेरफार करायचा तो ती काठांत करते, जिथे कातळावर मातीचा थर बसलेला आहे.

हे थर जुने आहेत. गंगापूरजवळ नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरांत डॉ. ह. धी. सांकलियांना अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली आणि त्यावरचा अभ्यास १९५२ साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. म्हणजे धरण नव्हते, शहर नव्हते, शेतीही नव्हती, तेव्हाही ही नदी कधी गोटे आणून टाकत होती, कधी माती, आणि कधी आपणच टाकलेले पुन्हा कापून नेत होती. पाऊसमान बदलले की तिचे वागणे बदले. माणूस या खेळात फार उशिरा उतरला.

पावसाची उतरंडही लक्षात घ्यावी लागते. इगतपुरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक, नाशिक शहरात साधारण ७००, आणि निफाड-सिन्नरकडे त्याहून कमी. पाऊस पडतो घाटमाथ्यावर, पूर येतो खाली जिथे आकाश कोरडे असू शकते तिथे. निफाड तालुक्यातल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. ऊन पडलेले असताना शिवारात पाणी शिरलेले त्याने पाहिले आहे.

पहिला मुक्काम : धरण

गंगापूरचे मातीचे धरण १९६५ साली पूर्ण झाले. मूळ साठवण क्षमता ७२०० दशलक्ष घनफूट, म्हणजे ७.२ टीएमसी. आज जलसंपदा विभागाच्या रोजच्या तक्त्यात ती ५६३० दिसते. मधले १५७० दशलक्ष घनफूट कुठे गेले? गाळाखाली. त्याच पाणलोटात पुढे बांधलेल्या काश्यपी धरणाची क्षमता १८५२ आहे. एक अख्खे धरण बांधायचे, लोकांच्या जमिनी घ्यायच्या, पुनर्वसनाची भांडणे वर्षानुवर्षे चालवायची, आणि दुसरीकडे जवळजवळ तेवढीच जागा गाळाला देऊन बसायची, असा हा व्यवहार आहे.

घनमीटरमध्ये मांडले तर हा गाळ सुमारे साडेचार कोटी घनमीटर होतो. एका हायवात, म्हणजे मोठ्या डंपरमध्ये, १५ घनमीटर धरा. तीस लाखांच्या आसपास खेपा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना २०१७ पासून आहे आणि लहान तलावांना ती खरोखर उपयोगी पडते. उन्हाळ्यात गंगापूरच्या उघड्या पडलेल्या बुडातूनही शेतकरी गाळ नेतात, काही ठिकाणी गाळपेर, म्हणजे उघड्या गाळावर पेरणी, होते. पण तीस लाख खेपांच्या हिशेबात त्याने काय फरक पडणार ते उघड आहे.

गाळ आला कुठून? घाटमाथ्याच्या उतारांवरून माती येणे हे नैसर्गिकच, तो पाऊस तसाच आहे. त्यात जंगल विरळ होणे, उतारावर नांगर फिरणे, रस्ते कापणे, आणि अलीकडे फार्महाऊस-रिसॉर्टसाठी टेकड्या पोखरणे यांची भर. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याला आणि बेळगाव ढग्याजवळच्या संतोषा डोंगराला जेसीबी लागल्यावर नाशिकचे पर्यावरणप्रेमी रस्त्यावर आले. बातम्यांत तो प्रश्न डोंगर वाचवण्याचा होता. तो धरण वाचवण्याचाही होता, हे फारसे कुणी मांडले नाही. कापलेल्या उताराची सुटी माती पहिल्याच जोरदार पावसात ओहोळाला लागते आणि ओहोळ शेवटी कुठल्या ना कुठल्या जलाशयात जातो.

क्षमता घटली म्हणजे फक्त पिण्याचे आणि शेतीचे पाणी कमी झाले असे नाही. पुराचेही गणित बदलते. समजा धरणात ४० हजार क्युसेकने आवक होते आहे. १५७० दशलक्ष घनफुटांची जागा रिकामी असती तर ती एवढी आवक सुमारे अकरा तास पोटात घेऊ शकली असती. अकरा तासांत शहराला इशारा देता येतो, दुकाने रिकामी होतात, घाटमाथ्यावरचा पाऊस ओसरूही शकतो. इथे एक आक्षेप रास्त आहे : धरण पूरनियंत्रणासाठी बांधलेले नाही, जागा असती तर ती जुलैतच भरून टाकली असती. खरे आहे. पाणीटंचाईच्या धाकात जगणाऱ्या जिल्ह्यात ऑगस्टमध्ये धरण मुद्दाम अर्धे रिकामे ठेवायला छाती लागते. पण धरण केव्हा किती भरायचे हे परिचलन आराखड्यात ठरलेले असते, आणि मोठ्या धरणात तो आराखडा पाळायला वाव असतो. आक्रसलेल्या धरणात तो वाव उरत नाही.

आणखी एक परिणाम कमी दिसतो. धरणाने दरसालचे मध्यम पूर अडवले. हे पूर म्हणजे नदीची वार्षिक झाडलोट. डोहांत बसलेला चिखल, नाल्यांतून आलेली घाण, उगवलेली झुडपे ते पुढे रेटून नेत. आता वर्षातले बरेच महिने धरणाखाली पाणी संथ असते, त्यात मलजल मिसळते, पानवेली फोफावतात, आणि गाळ तिथेच बसून घट्ट होतो. मग चार-पाच वर्षांनी एकदा धरण तुडुंब भरल्यावर मोठा लोंढा सुटतो तो या तुंबलेल्या पात्रातून. छोटे पूर कमी आणि मोठा पूर पूर्वीएवढाच, असा हा बदल आहे. दोन पुरांमधल्या शांततेत लोक काठ विसरतात, ही त्यावर आणखी भर.

दुसरा मुक्काम : शहर

रामकुंड १६९६ मध्ये बांधले गेले आणि पुढे पेशव्यांच्या काळात गोपिकाबाईंनी त्याची डागडुजी केली. तेव्हापासून पात्राला दगडी आकार देण्याचे काम थांबलेले नाही. जुन्या बांधणीत एक शहाणपण होते : कुंडे पात्रातच, पण तळ उघडा. तळातले झरे जिवंत होते. नदी आटली तरी कुंडात पाणी राही. पुढे विसाव्या शतकाच्या शेवटी आणि २००३ च्या सिंहस्थाच्या आसपास या तळांवर काँक्रीट ओतले गेले. भाविकांचे पाय चिखलात रुतू नयेत, सफाई सोपी व्हावी, हेतू समजण्यासारखा होता. परिणाम असा की झरे बुजले, आणि पर्वणीला रामकुंडात पाणी हवे तर धरणातून सोडावे लागू लागले. २०१५ चा सिंहस्थ दुष्काळी वर्षात आला तेव्हा हे ठळकपणे दिसले. त्याच वर्षी जायकवाडीसाठीही गंगापूरमधून पाणी सोडावे लागले आणि शहरात त्यावरून वातावरण तापले.

गोदाप्रेमींनी न्यायालयात आणि महापालिकेत वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २०२० च्या सुमारास स्मार्ट सिटीच्या कामात काही कुंडांतले काँक्रीट फोडले गेले. त्याखाली जुने दगडी बांधकाम आणि झऱ्यांचे पाझर दिसले. सगळ्या कुंडांतले काँक्रीट मात्र निघाले नाही. कुठल्या कुंडाला हात लावायचा आणि कुठल्या नाही, हा प्रश्न श्रद्धेचाही असतो.

आता पुराकडे. नाशिकचे पूरमापक यंत्र म्हणजे रामकुंडाजवळची दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला, छातीला, मारुती बुडाला, अशी भाषा. त्यापुढची पायरी काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेची. वसईच्या विजयातून आलेली ही घंटा, तिला पाणी लागले की महापूर. १९६९ चा सप्टेंबर, १९ सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६, ४ ऑगस्ट २०१९ : जाणकार माणसे या तारखा मारुतीच्या उंचीवर मोजून सांगतात. लोकांना इशारा म्हणून हे माप उत्तम आहे. कुठल्याही ॲपपेक्षा लवकर कळते.

पण या मापावरून ‘अमुक सालचा पूर तमुक सालापेक्षा मोठा होता’ असे म्हणणे धोक्याचे. पाण्याची पातळी दोन गोष्टींवर ठरते : किती पाणी आले आणि त्याला जायला किती वाट होती. मारुती जागचा हलला नाही हे खरे, पण त्याच्या आजूबाजूची वाट सतत बदलत गेली. घाटांच्या पायऱ्या पुढे आल्या, पात्रात पूल आणि त्यांचे खांब आले, काठावर टपऱ्या, वाहनतळ, बगीचे आले. पुरात वाहून आलेली झाडे आणि पानवेली पुलांच्या कमानींत अडकतात आणि वरच्या बाजूला पाणी चढते. म्हणजे १९६९ मध्ये जेवढ्या क्युसेकला मारुतीच्या छातीला पाणी लागे, त्याहून कमी पाण्यात आज ते छातीला लागू शकते. उलटही घडते : गुळगुळीत काँक्रीटवरून पाणी वेगाने पुढे सरकते आणि एका टप्प्यात पातळी उतरते, पण तो वेग पुढच्या वळणावर काठाला जाऊन भिडतो. माप स्थिर आहे म्हणून मोजणी स्थिर आहे असे नाही.

२००८ नंतर पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येण्याची शक्यता असलेल्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदाच्या पुराची. त्यावरून बांधकाम परवानग्या, जुने वाडे, पुनर्विकास यांचे जे रणकंदन झाले ते नाशिककरांना माहीत आहे. इथे मुद्दा वेगळाच आहे. रेषा आखताना पात्राचे जे छेद, म्हणजे काठापासून काठापर्यंतची रुंदी-खोली, मोजले जातात, ते त्या वर्षीचे असतात. पात्रात गाळ बसला, घाट पुढे आला, नवा पूल झाला, की कागदावरची रेषा आणि पाण्याची रेषा वेगळ्या होतात. रेषा ठरावीक वर्षांनी पुन्हा मोजायला हवी.

शहरातले बरेच पाणी तर धरणातून येतच नाही. धरणाखालचा मुक्त पाणलोट, आळंदी नदी, नासर्डी, वाघाडी, आणि सराफ बाजाराखालून जाणारा सरस्वती नाला. नासर्डीच्या काठी सातपूर औद्योगिक वसाहत आणि सिडको वसली. जिथे पाऊस मुरत होता तिथे पत्रे, डांबर आणि पेव्हर ब्लॉक आले. पूर्वी तासन्‌तास झिरपत येणारे पाणी आता एका झडीत येते. सराफ बाजाराचा त्रास आणखी वेगळा. गोदावरी चढली की सरस्वती नाल्याचे तोंड पाण्याखाली जाते, शहराचे पाणी बाहेर पडू शकत नाही, आणि ते उलटे बाजारात चढते. अशा वेळी दुकानदार धरणाच्या विसर्गाला शिव्या देतो. त्याच्या दुकानातले पाणी बहुधा त्याच्याच मागच्या गल्लीतून आलेले असते.

काझीची गढी

या शहरी टप्प्यात सर्वांत बोलके ठिकाण रामकुंड नाही. ते आहे काझीची गढी, म्हणजे जुनी मातीची गढी. गोदावरीच्या उजव्या काठावरचे हे उंच पांढरीचे टेकाड. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये इथे उत्खनन केले आणि सातवाहनकाळापर्यंत, त्याच्याही मागे जाणाऱ्या वस्तीचे थर उलगडले. नाशिकचे मूळ गाव ते हेच.

पांढरीची माती म्हणजे माणसाने साठवलेली माती : पडलेल्या भिंती, राख, खापरे, शेण, पुन्हा भिंती. दोन हजारांहून अधिक वर्षे लोक इथे राहिले आणि टेकाड वर वर चढत गेले. म्हणजे नदीकाठी नदीपेक्षा वेगाने माणसानेच गाळ साठवला. हा गाळ भुसभुशीत असतो. पावसाचे पाणी वरून मुरते, पुराचे पाणी पायथ्याला लागते, आणि मधला कडा सुटतो. त्यावर आज दाटीची वस्ती आहे. घरांचे सांडपाणीही त्याच मातीत मुरते. दरवर्षी जून आला की महापालिकेच्या नोटिसा निघतात, काही घरे रिकामी करायला सांगितले जाते, एखादा कडा ढासळतो, संरक्षक भिंतीची मागणी होते, आणि पावसाळा संपला की विषय मिटतो.

संरक्षक भिंतीबद्दल माझी शंका आहे. भिंत नदीचा मारा थोपवेल, पण आतून मुरणाऱ्या पाण्याला निचरा ठेवला नाही तर तीच माती भिंतीला मागून ढकलेल. आधी वरचे सांडपाणी बंद करून बाहेर काढा, मग पायथा बांधा. आणि रहिवाशांच्या कायमच्या घरांचा निर्णय घेतल्याशिवाय यातले काही टिकणार नाही. ही माणसे हौसेने कड्यावर राहत नाहीत.

तिसरा मुक्काम : फुगवटा

शहराखाली तपोवन, टाकळीचा नासर्डी संगम, दसक-पंचक असे करत नदी सपाटीला येते. उतार कमी होतो. दारणासांगवीला दारणा येऊन मिळते. तिच्यावर १९१६ चे दारणा धरण, आणि तिचे पाणलोट तर इगतपुरीचे. पुढे निफाडकडून कादवा. या सगळ्या पाण्यासमोर, विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकांत इंग्रजांनी नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा बांधला, कोपरगावकडच्या कोरडवाहू पट्ट्याला कालव्याने पाणी देण्यासाठी.

बंधारा ठेंगणा, मागे सपाट जमीन. अशा ठिकाणी पाणी संथावते आणि हातातले सगळे खाली ठेवते. गंगापूर आणि दारणा धरणांनी वरचा बराच गाळ अडवला हे खरे, पण निफाडच्या काळ्या रानांतली माती, शहराचे सांडपाणी, कादवेचा आणि लहान नद्यांचा गाळ येतच राहिला. शंभर वर्षांत बंधाऱ्यामागचा जलाशय उथळ झाला. बेटे तयार झाली, त्यावर पाणकणीस आणि बाभळी उगवल्या. सिंचन खात्याच्या दृष्टीने हे अपयश होते.

पक्ष्यांनी मात्र ते वेगळ्या नजरेने पाहिले. उथळ पाणी, चिखल, लव्हाळी : बदकांना, करकोच्यांना, चिखल्यांना याहून चांगले काय हवे? हिवाळ्यात चक्रवाक येतात, चित्रबलाक, जांभळी पाणकोंबडी, कधी रोहित. १९८६ मध्ये अभयारण्य झाले, ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे नाव रूढ झाले, आणि जानेवारी २०२० मध्ये ही राज्यातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडीला हौशी पक्षीनिरीक्षकांच्या गाड्या लागतात, गावातली पोरे गाईड झाली.

त्याच गाळाची तिसरी बाजू सायखेडा आणि चांदोरीत दिसते. जलाशय उथळ झाला म्हणजे पुराचे पाणी थोपून मागे फुगते. ४ ऑगस्ट २०१९ ला गंगापूर, दारणा, कादवा या सगळ्यांचे पाणी एकदम आले. सायखेड्याच्या बाजारपेठेत, चांदोरीच्या घरांत पाणी शिरले, माणसे बोटींनी काढावी लागली. पूर ओसरल्यावर द्राक्षबागांत आणि उसात चिखल साचून राहिला. त्यातला काही भाग पुढे सुपीक मळई ठरतो, पण द्राक्षाच्या मुळाशी आठवडाभर पाणी थांबले की बाग जाते, मळईचे कौतुक ऐकायला शेतकऱ्याला वेळ नसतो.

गावकऱ्यांची मागणी जुनी आहे : बंधाऱ्याला जास्त दरवाजे करा आणि गाळ काढा. पक्षीप्रेमींची भीतीही खरी : सरसकट गाळ काढला तर पाणथळ संपेल आणि उरेल एक खोल तळे, जिथे चिखल्यांना पाय टेकायला जागा नाही.

मला यात मधला मार्ग शक्य वाटतो, आणि तो गाळाच्या नकाशावरून निघतो. पुराच्या पाण्याला अडथळा करणारा गाळ सगळीकडे सारखा नसतो. मुख्य प्रवाहाच्या ओळीत बसलेला गाळ आणि त्यावर माजलेल्या बाभळी पाण्याची वाट अडवतात. कडेच्या उथळ पसाऱ्यातला चिखल पुराला फारसा आडवा येत नाही, पक्ष्यांना मात्र तोच लागतो. प्रवाहाची ओळ मोकळी करायची आणि कडा तशाच सोडायच्या. हे काम पाणी उतरल्यावर आणि स्थलांतरित पक्षी परतल्यावर, एप्रिल-मेमध्ये करता येईल. दरवाजे वाढवण्याचा फायदाही दुहेरी आहे : तळाशी उघडणारे दरवाजे पुराच्या सुरुवातीलाच उघडले तर गाळ बसण्याआधी बराचसा पुढे निघून जातो. मात्र तो पुढे कोपरगावच्या आणि नंतर जायकवाडीच्या वाट्याला जाईल, हे मान्य करून. १९७६ पासून नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, या खोऱ्यातला शेवटचा मोठा गाळखाना आहेच.

२०२७ च्या आधी

सिंहस्थ २०२७ साठी गर्दी विभागायला नवे घाट बांधायचे घाटते आहे, रामकुंडाच्या वर आणि खालीही. घाट हवेत, एका कुंडावर लाखोंची चेंगराचेंगरी कुणालाच नको. पण प्रत्येक घाट पात्राच्या छेदातून काही मीटर घेतो. कामाच्या निविदेसोबत दोन गोष्टी मागता येतात. घाट बांधण्याआधीचा आणि नंतरचा नदीछेद मोजून जाहीर करावा. आणि गंगापूर ते नांदूरमध्यमेश्वर दरम्यान ठरलेल्या जागांवर, उदाहरणार्थ सोमेश्वर, होळकर पूल, टाकळी, दारणासांगवी आणि चांदोरी इथे, दर पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर नोव्हेंबरात तेच छेद पुन्हा मोजावेत. डिफरन्शियल जीपीएस आणि एक होडी एवढ्यावर हे काम होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतले तर खर्च आणखी कमी. आकडे विसर्गाच्या तक्त्याशेजारी लावले की सराफ बाजारातल्या माणसाला ‘धरण किती टक्के’ याच्या जोडीला ‘पात्र किती भरले’ हेही विचारता येईल. गंगापूरच्या जलाशयाचा गाळ-सर्वेक्षण अहवालही त्याच पानावर असावा, कारण ७२०० चे ५६३० व्हायला जी वर्षे लागली, त्यापुढची घट किती वेगाने होते आहे यावर नाशिकच्या पुढच्या पाणीपुरवठा योजनेचा आकार ठरणार आहे.